पायनघाटातला वेग, बालाघाटातले वळण

श्रीगजाननमहाराजांच्या समाधीचे दर्शन घेऊन शेगावाहून खामगावच्या रस्त्याला लागलेल्या वाहनासमोर पूर्णेच्या खोऱ्यातील काळीभोर सपाटी पसरलेली असते. वऱ्हाडच्या जुन्या दफ्तरांत पायनघाट म्हणून ज्याची नोंद आहे, तो हाच मुलूख. आणि खामगाव मागे टाकून बोथ्याच्या अरण्यातून, किंवा मलकापुराकडून राजूर घाटाने, बुलढाण्यास चढू लागले की बालाघाटाची हद्द सुरू होते. वेगात मोटारसायकल सरस की मोटार, या तरुणांच्या जिव्हाळ्याच्या वादाचा निवाडा करावयास याहून सोयीचा प्रदेश सापडणे कठीण. कारण त्यातले निम्मे सत्य सपाटीवर आहे आणि निम्मे घाटात.

सपाटीवरील पुरावा दुचाकीच्या बाजूचा आहे. चाकणला तयार होणाऱ्या केटीएम आरसी 390 ची शक्ती सुमारे 43 अश्वशक्ती आणि वजन सुमारे 172 किलो. सत्तर किलोचा स्वार धरूनही दर टनामागे जवळजवळ 180 अश्वशक्ती पडते, आणि घरोघरच्या छोट्या मोटारीत हाच आकडा शंभराच्या आसपास रेंगाळतो. हजार घनसेंटिमीटरच्या शर्यतीच्या मोटारसायकली तर सातशेचाही टप्पा गाठतात. परंतु शक्ती मुबलक असली, तरी ती सगळी रस्त्यावर उतरत नाही. दोन चाकांतील अंतर आखूड व भार उंचावर असल्यामुळे, वेगवृद्धी गुरुत्वत्वरणाच्या जवळपास पोचताच पुढचे चाक जमीन सोडू लागते, आणि स्वाराला ॲक्सिलरेटर आवरता घ्यावा लागतो. पुढे वारा आडवा येतो. त्याला कापण्यासाठी लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते, आणि उघड्यावर बसलेला स्वार वाऱ्याला मोठाच अडथळा असतो. म्हणून अखेरच्या वेगात सरशी मोटारीची होते. 2019 साली जर्मनीतील एरा-लेसिएनच्या चाचणीपथावर बुगाटीच्या मोटारीने ताशी 490 किलोमीटरचा वेग गाठला.

वळणाचे गणित निराळे आहे. पन्नास मीटर त्रिज्येच्या वळणावर, कोरड्या डांबराचा घर्षणांक 0.8 धरल्यास, वेगाची कमाल मर्यादा ताशी सुमारे 71 किलोमीटर येते. या हिशेबात वजनाला स्थानच नसल्याने तो दोन्ही वाहनांना सारखाच लागू पडतो. मोटारसायकलला मात्र त्यासाठी सुमारे 39 अंश कलावे लागते. मग शर्यतीच्या मैदानावर एवढी तफावत का पडते? ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर 2011 साली फॉर्म्युला वनच्या सर्वांत वेगवान मोटारीने पात्रता फेरी सुमारे 84 सेकंदांत पुरी केली. 2023 साली, काही वळणांत किरकोळ फेरफार केलेल्या त्याच मैदानावर, मोटोजीपीच्या अग्रणी स्वाराला सुमारे 104 सेकंद लागले. मोटारीच्या पंखांवरून वाहणारी हवा तिला जमिनीकडे दाबते आणि टायरांची पकड वेगाबरोबर वाढवते. कललेल्या मोटारसायकलला हा आधार फारच थोडा मिळतो. साठ अंशांहून अधिक कलणारा स्वार तळहाताएवढ्या रबरावर सारा जीव तोलून असतो.

घाटातला रस्ता मैदानासारखा झाडलेला नसतो. पावसाळ्यात शेतातून आलेल्या ट्रॅक्टरच्या चाकांची काळी माती, वळणाच्या आतल्या कडेला साचलेली बारीक खडी, उताराला सांडलेले डिझेल: यांवरून मोटारीचे एक चाक घसरले, तर उरलेली तीन तिला बहुधा सावरून घेतात. दुचाकीचे पुढचे चाक घसरले की स्वार खाली येतो. आणि पायनघाटाच्या सरळ रस्त्यावर ज्याचा हात बसला, त्या तरुणाला वळणात शिरण्याआधीच ब्रेक उरकण्याची सवय लागलेली नसते. कललेल्या अवस्थेत तो ब्रेक दाबतो, आणि वळण्यासाठी राखावयाची पकड थांबण्यात खर्ची पडते.

मेहकर व सिंदखेडराजा तालुक्यांतून गेलेला समृद्धी महामार्ग ताशी 150 किलोमीटरच्या वेगाचा विचार करून आखला गेला. तेथे दुचाकीला मज्जाव आहे, आणि तो मला रास्त वाटतो. मग मोटारसायकलस्वाराच्या वाट्याला जुने रस्ते व घाटच उरतात, आणि तेथील लोखंडी कठडे मोटारीच्या उंचीचा हिशेब धरून बसवलेले असतात. पडलेला स्वार घसरत जाऊन त्यांच्या खांबांवर आदळतो, किंवा खालच्या मोकळ्या फटीतून पलीकडे जातो. फ्रान्स, स्पेनमध्ये अशा वळणांवर कठड्याखाली आणखी एक आडवी पट्टी जोडून ही फट बंद केली जाते. आपल्याकडेही, राजूर घाटासारख्या चढणींवर, बाहेरच्या बाजूच्या वळणांपासून या तजविजीचा आरंभ सार्वजनिक बांधकाम खात्याने करावयास हवा.