राऊटर बदलण्याआधी

मंडळी, मानोऱ्यात पोरीचा ऑनलाइन फॉर्म भरताना नेट अडकलं, की आपण म्हणतो, "राऊटरच गेला!" पण आधी दोष लाइनीत आहे की घरात, ते पाहू. फायबरच्या डब्यावर 'एलओएस'चा लाल दिवा असेल, तर बाहेरून सिग्नलच येत नाहीये. नवा राऊटर घेऊन उपयोग नाही. दिवा ठीक असेल, तर बाकीचे मोबाईल बंद ठेवून लॅपटॉपला थेट केबल लावू. तरीही संथच? मग कंपनीकडे तक्रार. केबलवर चांगलं, पण खोलीत संथ? मग राऊटर लोखंडी कपाटामागून, कूलरजवळून काढून घराच्या मध्यावर, उंचावर ठेवू. लांबच्या खोलीत २.४ गिगाहर्ट्झ वापरू. ५ गिगाहर्ट्झ वेगवान खरं, पण भिंतीत जास्त अडतं. एवढं करूनही जमलं नाही, तरच खिशात हात घालू.