स्टीपलचेस: दम, बळ आणि तंत्र यांची सांगड

मैदानी खेळांच्या प्रशिक्षणात खेळाडूच्या शरीराची तयारी एकीकडे आणि त्याच्या क्रीडाप्रकाराचे तंत्र दुसरीकडे, अशी विभागणी दीर्घकाळ रूढ आहे. सकाळी मैदानावर तंत्राचा सराव होतो, संध्याकाळी जिममध्ये वजने उचलली जातात आणि दोन्हींच्या नोंदी निरनिराळ्या वह्यांत, बहुधा निरनिराळ्या माणसांकडून ठेवल्या जातात. वेळापत्रक आखायला ही विभागणी सोयीची असली, तरी प्रत्यक्ष स्पर्धेत तिला काही अर्थ उरत नाही. कारण मैदानावर जो तंत्रदोष दिसतो, तो पुष्कळदा एखाद्या स्नायूच्या दुबळेपणाचा परिणाम असतो आणि जिममध्ये कमावलेले बळ योग्य क्षणी योग्य दिशेने लावता आले नाही, तर ते निकालात उतरत नाही. तीन हजार मीटर स्टीपलचेस या शर्यतीत हे नाते विशेष स्पष्टपणे दिसते आणि या शर्यतीत भारताचे नाव जागतिक पातळीवर नेणारे दोन धावपटू, ललिता बाबर आणि अविनाश साबळे, महाराष्ट्राच्या अवर्षणप्रवण पट्ट्यातून, अनुक्रमे माण आणि आष्टी या तालुक्यांतून, आलेले आहेत.

या शर्यतीत 28 साधे अडथळे आणि 7 पाण्याच्या उड्या, म्हणजे एकूण 35 वेळा जमीन सोडावी लागते. अडथळ्याची उंची पुरुषांसाठी 91.4 सेंटिमीटर आणि स्त्रियांसाठी 76.2 सेंटिमीटर असते. शंभर किंवा चारशे मीटर अडथळा शर्यतीतील हलका अडथळा धक्का लागताच उलटतो. स्टीपलचेसचा अडथळा मात्र जाड चौकोनी तुळईचा आणि 80 ते 100 किलो वजनाचा असल्यामुळे तो हलत नाही, पडतो तो धावपटू. पाण्याच्या उडीत अडथळ्यापलीकडे 3.66 मीटर लांबीचा हौद असतो. त्याचा तळ अडथळ्याजवळ सर्वांत खोल असून पुढे चढत चढत धावपट्टीला मिळतो, त्यामुळे जो लांब झेपावतो त्याचा पाय उथळ पाण्यात पडतो आणि जो कमी पडतो त्याला खोल पाण्यातून वर यावे लागते.

अविनाश साबळे यांनी जुलै 2024 मध्ये पॅरिस येथील डायमंड लीग स्पर्धेत ही शर्यत 8 मिनिटे 9.91 सेकंदांत पूर्ण केली, म्हणजे दर चारशे मीटरला सरासरी साधारण 65 सेकंद लागले आणि त्यातच सगळे अडथळे आले. प्रत्येक अडथळ्यावर सेकंदाचा केवळ दहावा हिस्सा वाचला, तरी संपूर्ण शर्यतीत साडेतीन सेकंदांची बचत होते. एवढी बचत निव्वळ धावण्याचा दम वाढवून साधायची, तर वरच्या पातळीवरील धावपटूला काही हंगाम घालवावे लागतात. बर्मिंगहॅम येथील 2022 च्या राष्ट्रकुल स्पर्धेत साबळे 8 मिनिटे 11.20 सेकंद वेळ नोंदवून दुसरे आले आणि सुवर्णपदक जिंकणारा केनियाचा अब्राहम किबिवोट त्यांच्यापेक्षा सेकंदाच्या अवघ्या पाच शतांशांनी पुढे होता. 1998 ते 2018 या काळातील प्रत्येक राष्ट्रकुल स्पर्धेत या शर्यतीची तिन्ही पदके केनियानेच नेली होती, हे लक्षात घेतले म्हणजे त्या रौप्यपदकाचे मोल कळते. पण एका अडथळ्यावर अडखळलेले अर्धे पाऊल पाच शतांशांपेक्षा कितीतरी महाग पडते, हेही त्याबरोबरच ध्यानात येते.

अडथळा ओलांडताना शरीराकडून नेमके काय मागितले जाते, याचा विचार केल्यास तंत्र आणि बळ यांची गुंतागुंत उलगडते. धावपटूने अडथळ्याआधी पावले न तोडता वेग राखावा, शरीराचा गुरुत्वमध्य आवश्यकतेपेक्षा वर उचलू नये, मागचा पाय बाजूने वळवून झटपट पुढे आणावा आणि पलीकडे उतरताच धावण्याच्या लयीत मिसळावे, ही झाली तंत्राची अपेक्षा. ती पुरी होण्यासाठी मांडी वर खेचणारे स्नायू चपळ असावे लागतात, खुब्याच्या सांध्याची हालचाल मोकळी असावी लागते आणि एका पायावर भार पडत असताना कंबर एका बाजूला कलू न देणारे नितंबाचे स्नायू बळकट असावे लागतात. मागचा पाय तुळईला घासत असेल आणि प्रशिक्षक पाय उचलण्याची सूचना शंभर वेळा देत असेल, तर दोष आकलनात नसून खुब्यात असण्याची शक्यता अधिक. तेथे सूचना वाढवून नव्हे, तर खुब्यावर काम करून फरक पडतो. याउलट, ज्याचे पाय बलवान आहेत पण अंतराचा अंदाज कच्चा आहे, असा धावपटू अडथळ्याच्या फार जवळून उडतो आणि आपले सगळे बळ वर उसळण्यात खर्च करतो.

शिवाय चारशे मीटर अडथळा शर्यतीप्रमाणे येथे पावले मोजता येत नाहीत, कारण पंधरा धावपटूंच्या घोळक्यात गती सतत बदलते आणि पुढच्या माणसाच्या पाठीमुळे अडथळा शेवटच्या क्षणापर्यंत दिसतही नाही. म्हणून डावा किंवा उजवा, कोणताही पाय पुढे टाकून अडथळा ओलांडता येणे हितावह ठरते. मात्र दोन्ही पायांच्या बळात लक्षणीय तफावत असलेला धावपटू सोयीच्या पायाची वाट पाहत पावले लहान करतो, आणि हा दोष तंत्राचा म्हणावा की शरीराचा, याचे उत्तर देता येत नाही.

या सगळ्यात थकव्याची भर पडते. पहिल्या फेरीत सुबक दिसणारी उडी सहाव्या फेरीत बिघडते. त्यामुळे तंत्र ताजेतवाने असतानाच शिकवावे हा सामान्य नियम नवख्यांच्या बाबतीत योग्य असला, तरी पक्व धावपटूला दमलेल्या अवस्थेतही अडथळे ओलांडण्याचा सराव द्यावा लागतो, उदाहरणार्थ वेगवान फेऱ्यांच्या सत्रात अखेरच्या काही फेऱ्या अडथळ्यांसह घेऊन. हे सत्र दम वाढवण्याचे आहे की तंत्राचे, हा प्रश्नच तेथे गैरलागू होतो.

दम आणि बळ एकाच वेळी वाढवता येतात का, याविषयी प्रशिक्षकांच्या मनात दीर्घकाळ शंका होती आणि तिला शास्त्रीय आधारही होता. अमेरिकन संशोधक रॉबर्ट हिक्सन यांनी 1980 मध्ये प्रसिद्ध केलेल्या दहा आठवड्यांच्या अभ्यासात, बळाचा आणि दमाचा कठोर व्यायाम एकत्र करणाऱ्यांचे बळ सुरुवातीला वाढले, पण अखेरच्या आठवड्यांत घसरू लागले. दमात मात्र तशी घट आढळली नाही. दोन प्रकारच्या व्यायामांच्या या परस्परविरोधाचा अर्थ पुष्कळांनी असा लावला, की लांब पल्ल्याच्या धावपटूने वजनांच्या वाटेला जाऊ नये. हा निष्कर्ष घाईचा होता. फिनलंडमधील लीना पावोलायनेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1999 मध्ये दाखवून दिले, की सरावाचा एकूण वेळ तेवढाच ठेवून त्यातील सुमारे एकतृतीयांश भाग उड्या, छोट्या वेगवान धावा आणि हलक्या वजनाच्या झटपट व्यायामांना दिल्यास पाच किलोमीटरची वेळ सुधारते. शरीराची कमाल प्राणवायू वापरण्याची क्षमता त्यात वाढली नव्हती; सुधारली होती ती काटकसर, म्हणजे त्याच वेगाने धावताना कमी ऊर्जा खर्च करण्याची क्षमता. पाय जमिनीला टेकताच स्नायू आणि कंडरा ताणल्या जातात आणि साठलेली ऊर्जा परत देत आखडतात. ही स्प्रिंगसारखी क्रिया अशा व्यायामांनी तल्लख होते आणि स्टीपलचेसमध्ये ती अडथळ्यावर झेपावतानाही उपयोगी पडते.

कोणता व्यायाम खेळाच्या किती जवळचा, हे ठरवण्याची एक शिस्तबद्ध पद्धत हातोडाफेकीतून आली. 1972 च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक जिंकणारे सोव्हिएत खेळाडू अनातोली बोंदार्चुक पुढे प्रशिक्षक झाले आणि त्यांच्या हाताखाली तयार झालेल्या युरी सेदिख यांनी 1986 मध्ये स्टुटगार्ट येथे केलेली 86.74 मीटरची फेक अद्याप विश्वविक्रम म्हणून टिकून आहे. बोंदार्चुक यांनी व्यायामांचे चार गट केले: प्रत्यक्ष स्पर्धेची क्रिया, तिच्यातील अंशाची नक्कल करणारे व्यायाम, तेच स्नायू पण वेगळ्या हालचालीने वापरणारे व्यायाम आणि सर्वसाधारण तयारीचे व्यायाम. स्टीपलचेसला हे वर्गीकरण लावल्यास अडथळ्यांसह धावणे पहिल्या गटात, चालत चालत अडथळे ओलांडणे दुसऱ्यात, एका पायाने उंच पायरीवर वजनासह चढणे तिसऱ्यात आणि पोहणे चौथ्या गटात पडेल. ज्या संघात धावण्याचा प्रशिक्षक आणि व्यायामाचा प्रशिक्षक वेगवेगळे असतात, तेथे दोघांनी एकत्र बसून असा तक्ता भरला, तरी निम्मे मतभेद कागदावरच मिटतील. मैदानावर वेगवान सत्र झाले त्याच दिवशी वजनांचा कठोर व्यायाम उरकून दुसरा दिवस खरोखर हलका ठेवण्यासारखे साधे निर्णयही अशा संवादाशिवाय होत नाहीत.

ललिता बाबर मॅरेथॉनकडून स्टीपलचेसकडे वळल्या. दमाची शिदोरी त्यांच्याकडे होतीच; भर घालायची होती ती वेगाची आणि अडथळे ओलांडण्याच्या कौशल्याची. 2016 च्या रिओ ऑलिंपिकमध्ये त्यांनी प्राथमिक फेरीत 9 मिनिटे 19.76 सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम करून अंतिम फेरी गाठली. साबळे सैन्यात दाखल झाल्यावर क्रॉसकंट्रीतून या शर्यतीकडे आले, आणि 2018 मध्ये त्यांनी गोपाल सैनी यांचा 1981 पासूनचा राष्ट्रीय विक्रम मोडला. दोघांचाही पाया दमाचा होता. जिल्हा पातळीवर जेथे पाण्याचा हौद तर सोडाच, नियमानुसार बनवलेला अडथळाही सहज मिळत नाही, तेथे मुलांच्या वाट्याला हाच पाया येतो आणि तंत्र उशिरा, बहुधा पतियाळा किंवा बंगळूरच्या शिबिरात पोहोचल्यावर, शिकवले जाते. त्यात वयाचा तोटा असतो. त्या पातळीवरील प्रशिक्षक एकटाच सगळे पाहत असल्यामुळे व्यायाम आणि तंत्र यांची फाळणी मात्र त्याच्या हातून सहसा होत नाही, ही त्यातील जमेची बाजू.

जुलै 2025 मध्ये मोनॅको येथील शर्यतीत साबळे पाण्याच्या उडीवर पडले, त्यांच्या गुडघ्यातील अस्थिबंधाला इजा झाली आणि शस्त्रक्रिया करावी लागली. धावत्या घोळक्यातील अपघाताचे खापर सरावावर फोडणे योग्य नाही. परंतु अशा दुखापतीनंतरचे पुनर्वसन काही महिने चालते आणि सरळ धावणे, एका पायावर उतरणे, लहान अडथळा, पूर्ण उंचीचा अडथळा आणि सर्वांत शेवटी हौद, अशा टप्प्यांनी पुढे जाते. पुढच्या टप्प्याला परवानगी देताना दोन्ही पायांचे बळ समान झाले का, हे फिजिओथेरपिस्ट मोजतो आणि धावपटू नकळत दुखऱ्या पायाला वाचवत उतरतो आहे का, हे धावण्याचा प्रशिक्षक पाहतो. दोघांपैकी एकाचा जरी होकार नसेल, तरी अडथळ्याची उंची वाढवली जात नाही.