ढाला आवाज

ढाला आवाज : मंद्र सप्तकात व मध्य सप्तकाच्या खालच्या भागात सहजपणे फिरणारा, रुंद, भरदार व घुमारेदार पुरुषी गायनस्वर. ‘ढाला’ ही संज्ञा गायकांच्या बोलीतील असून उंच, चढ्या अथवा टिपेच्या आवाजाच्या विरुद्ध अर्थाने ती वापरली जाते. अशा आवाजास ‘खर्जाचा आवाज’ असेही म्हणतात. ‘खर्ज’ हे ‘षड्ज’ या शब्दाचे बदललेले रूप असून व्यवहारात ते मंद्र सप्तकातील स्वरांना उद्देशून योजले जाते. ढाला आवाज पुरुषाला शोभतो व तो श्रोत्यास मोहवितो, ही समजूत आज सर्वत्र आढळते. तथापि मराठी गायनाच्या इतिहासात ती फार जुनी नाही.

शारीर व ध्वनिशास्त्रीय आधार : वयात येताना मुलग्याचे स्वरयंत्र वाढते व घशात खाली सरकते. स्वरतंतू लांब व जाड होतात आणि त्यांच्या कंपनांचा वेग मंदावतो. प्रौढ पुरुषाच्या बोलण्यातील मूळ कंपनसंख्या दर सेकंदास साधारणतः ८५ ते १८०, तर स्त्रीच्या बोलण्यातील १६५ ते २५५ असते. पेटीच्या काळी एक पट्टीत गाणाऱ्या पुरुषाचा मध्य षड्ज आजच्या स्वरमेळानुसार सु. १३९ कंपनांचा, मंद्र पंचम सु. १०४ कंपनांचा, तर मंद्र षड्ज सु. ६९ कंपनांचा असतो. मानवी कान २,००० ते ५,००० कंपनांच्या ध्वनींना सर्वांत अधिक संवेदनशील असून १०० कंपनांच्या आसपासचे ध्वनी त्याला त्या मानाने क्षीण ऐकू येतात. यामुळे ढाला स्वर जवळून ऐकला असता भरदार वाटला, तरी मोठ्या जमावापुढे व वाद्यांच्या साथीत त्यातील शब्द हरवण्याचा संभव असतो. चढ्या व धारदार स्वरातील अधिक शक्ती कानाला सहज जाणवणाऱ्या पट्ट्यात येते. म्हणून तो दूरवर पोहोचतो.

टिपेच्या आवाजाचा काळ : ध्वनिवर्धनाची साधने नव्हती तेव्हा गायकनटाची पहिली कसोटी म्हणजे त्याच्या आवाजाची फेक. कोल्हापूर येथे राजर्षी शाहू महाराजांनी १९१५ साली उभारलेले पॅलेस थिएटर हे या काळाचे स्मारक होय. या नाट्यगृहास पुढे गायकनट केशवराव भोसले (१८९०–१९२१) यांचे नाव देण्यात आले. ८ ऑगस्ट २०२४ रोजी लागलेल्या आगीत त्याची मोठी हानी झाली. कोल्हापूरचे सुपुत्र असलेले केशवराव चढ्या, पल्लेदार व तडफदार गायनासाठी प्रसिद्ध होते. १९२१ मध्ये मुंबईत टिळक स्वराज्य फंडासाठी झालेल्या ‘संयुक्त मानापमाना’त त्यांनी धैर्यधराची व बालगंधर्वांनी (१८८८–१९६७) भामिनीची भूमिका केली. धैर्यधर हा शूर सेनापती. परंतु त्याचे शौर्य खर्जातून नव्हे, तर तार सप्तकातून व्यक्त होई आणि प्रेक्षकांना त्यात काहीच विसंगत वाटत नसे. मास्टर दीनानाथ मंगेशकर (१९००–१९४२) यांच्या तेजस्वी व धारदार गायनालाही असाच मान मिळाला. उघड्या मैदानात पोवाडा गाणाऱ्या शाहिराचा वीररसही चढ्या आवाजावरच आधारलेला होता. [→ नाट्यसंगीत, पोवाडा].

या आवडीची किंमत गायकांना मोजावी लागे. नाटक मंडळ्यांत गोड व उंच गळ्याच्या मुलांना मोठी मागणी असे. परंतु आवाज फुटण्याच्या वयात तोच गळा पूर्वीच्या पट्टीत ताणला गेला, तर तो कायमचा बिघडण्याचे भय असे. ज्याचा आवाज फुटून ढाला झाला, त्याला मुख्य गायकनटाचे स्थान मिळणे कठीण होते. मर्दानी आवाज कोणता, याचा निर्णय अशा रीतीने पुष्कळ अंशी नाट्यगृहाच्या मागच्या रांगेतील श्रोता करीत असे.

रागसंगीतातील स्थान : रागसंगीताच्या बैठकीत ढाल्या स्वराला प्रतिष्ठा होती, कारण तेथे श्रोते थोडे व जवळ बसलेले असत. धृपदाच्या आलापीत मंद्र सप्तकाचा विस्तार महत्त्वाचा मानला जातो. पहाटे खर्ज भरणे, म्हणजे मंद्र स्वर दीर्घकाळ स्थिर लावणे, हा रियाजाचा पाया समजला जातो. कोल्हापूर दरबारचे गायक उस्ताद अल्लादियाखाँ (१८५५–१९४६) यांचा आवाज ऐन उमेदीत अतिगायनामुळे बसला आणि बदललेल्या आवाजाला अनुरूप अशी गायकी त्यांनी पुढे घडविली, असे त्यांच्या परंपरेत सांगितले जाते. गळ्याला शैलीच्या साच्यात न कोंबता गळ्यातून शैली घडविण्याचे हे उदाहरण होय.

ध्वनिग्राहकाचा परिणाम : १९२५ च्या सुमारास विद्युत् ध्वनिमुद्रण सुरू झाले. तत्पूर्वी गायकास भोंग्यासमोर जोराने गावे लागे व खालचे ध्वनी नीट टिपले जात नसत. ध्वनिग्राहक म्हणजेच मायक्रोफोन आल्यावर हळू आवाजातील उच्चारही श्रोत्यापर्यंत पोहोचू लागले. काही प्रकारच्या ध्वनिग्राहकांजवळ तोंड नेले असता आवाजातील खालचे ध्वनी अधिक उठून येतात. त्यामुळे गायक कानाशी बोलत असल्याचा भास होतो. अमेरिकेत बिंग क्रॉसबी आणि भारतात कुंदनलाल सैगल (१९०४–१९४७) व पंकज मलिक यांनी ही शक्यता ओळखली. बोलपटाबरोबर ही जाणीव महाराष्ट्रातही आली. कोल्हापुरात १९२९ साली स्थापन झालेल्या प्रभात फिल्म कंपनीच्या ‘अयोध्येचा राजा’ (१९३२) या बोलपटात संगीत व प्रमुख भूमिका गोविंदराव टेंबे यांची होती. रंगभूमीवरचा गायक येथे बोलपटाच्या यंत्रासमोर उभा राहिला.

कोल्हापुरातच जन्मलेले सुधीर फडके (१९१९–२००२) यांचा आवाज खऱ्या अर्थाने ढाला नव्हता. परंतु त्यांच्या गायनाने टिपेची सक्ती संपल्याचे दाखवून दिले. पुणे आकाशवाणीवरून १९५५-५६ मध्ये प्रसारित झालेल्या ‘गीतरामायणा’त शब्दांचा अर्थ व भाव पोहोचविण्यासाठी आरोळीची गरज उरली नव्हती. अरुण दाते (१९३४–२०१८) यांच्या भावगीतांत सौम्य व संयत पुरुषस्वर घरोघरी पोहोचला. हृदयनाथ मंगेशकर यांनी ‘मी डोलकर’ या कोळीगीतासाठी बंगाली गायक हेमंतकुमार यांचा गंभीर स्वर योजला. ‘सामना’ (१९७४) व ‘जैत रे जैत’ (१९७७) या चित्रपटांतील रवींद्र साठे यांच्या खर्जाने हा स्वर केवळ प्रणयापुरता मर्यादित नसून विषाद, उपरोध व रानातील मोकळेपणा यांनाही तो पेलतो, हे सिद्ध केले. [→ भावगीत].

जपानमधील समांतर उदाहरण : जपानी लोकप्रिय संगीतातही असेच परिवर्तन घडले. महायुद्धापूर्वीच्या ध्वनिमुद्रिकांत इचिरो फुजियामा यांच्यासारख्यांचा स्वच्छ व उंच स्वर लोकप्रिय होता. महायुद्धानंतर अमेरिकन लष्करी तळांवर जाझ गाऊन पुढे आलेले फ्रँक नागाई (१९३२–२००८) यांनी तादाशी योशिदा यांच्या संगीतरचना खालच्या, मखमली स्वरात गायिल्या. १९५७ मधील त्यांच्या तोक्योविषयीच्या गीताने त्यांना कीर्ती मिळाली व १९६१ चा जपान रेकॉर्ड पुरस्कारही त्यांना लाभला. मोहविणारा खर्ज हीच त्यांची ओळख ठरली. गायनपरंपरा सर्वस्वी भिन्न असूनही यंत्र तेच आल्यावर दोन्ही देशांत ढाल्या आवाजास अनुकूल वातावरण निर्माण झाले, ही गोष्ट लक्षणीय आहे.

मूल्यमापन : खालच्या स्वरावरून श्रोता गायकाच्या वयाची, धिप्पाडपणाची व स्थिर स्वभावाची कल्पना करतो. प्रत्यक्षात प्रौढ पुरुषांमध्ये आवाजाची पट्टी व शरीराचा आकार यांचा संबंध क्षीण असतो. स्वभावाचा अंदाज तर केवळ संकेतावर आधारलेला असतो. म्हणजेच या मोहिनीचा काही भाग शरीरधर्माचा असला, तरी तिचा बराचसा भाग साधनांनी व सवयीने घडविलेला आहे. पूर्वी ढाल्या गळ्याला टिपेकडे ओढले जाई. आता उंच गळ्याच्या मुलाने हेतुपुरस्सर खर्ज काढण्याचा प्रयत्न करणे हीही त्याच चुकीची दुसरी बाजू होय. अशा दाबलेल्या आवाजात घुमारा येत नाही, केवळ घोगरेपणा येतो. आवाज फुटण्याच्या वयात शिष्याच्या गळ्याला सहज पेलेल अशी पट्टी ठरविणे आणि गळा स्थिरावेपर्यंत वरच्या किंवा खालच्या टोकाचा आग्रह न धरणे, हे गुरूचे कर्तव्य ठरते.