सुरुंगाचा हादरा: नुसते 'जाणवले' पुरत नाही

खाणीवर भोंगा वाजतो, मागोमाग सुरुंग उडतो आणि घरातली भांडी खणखणतात. दगडखाणीजवळच्या गावांना हे सवयीचे. भिंतीला तडा गेला की वाद सुरू होतो. गावकरी सुरुंगाकडे बोट दाखवतात, खाणमालक नियमाकडे. हा वाद मोजमापानेच सुटू शकतो.

स्फोटाची सगळी ऊर्जा दगड फोडण्यात खर्च होत नाही. काही ऊर्जा लहरींच्या रूपाने जमिनीतून पसरते. त्यामुळे जमीन किती वेगाने हलते, हे मिलिमीटर प्रतिसेकंदात मोजतात. पण तेवढे पुरत नाही. झोका त्याच्या लयीत ढकलला की उंच जातो, तसेच घराचे आहे. बैठ्या घरांची स्वतःची लय संथ असते. हादराही तितकाच संथ असेल, तर घर अधिक डोलते.

म्हणूनच खाण सुरक्षा महासंचालनालयाने १९९७ मध्ये ठरवलेल्या मर्यादा वारंवारितेनुसार बदलतात. खाणीच्या मालकीची नसलेली घरे असतील, तर हादरा ८ हर्ट्झपेक्षा संथ असताना मर्यादा सेकंदाला ५ मिलिमीटर, ८ ते २५ हर्ट्झमध्ये १० आणि त्यापुढे १५. ऐतिहासिक, नाजूक वास्तूंसाठी हेच आकडे २, ५ आणि १० असे आहेत.

हादरा आटोक्यात ठेवता येतो. सगळी भोके एकदम न उडवता काही सहस्रांश सेकंदांच्या फरकाने उडवली, की एका क्षणी फुटणारा दारूगोळा कमी होतो.

देखरेख मात्र विभागलेली आहे. स्फोटकांचा परवाना १८८४ च्या कायद्याखाली, त्याचे मुख्यालय नागपुरात. खाणीतील सुरक्षेचे मुख्यालय धनबादला. आणि बांधकामाचा दगड हे गौण खनिज असल्याने त्याचा पट्टा राज्य शासनाकडे. तक्रार कुठे करायची, इथेच सामान्य माणूस अडतो.

आणखी एक गोष्ट. सेकंदाला १ मिलिमीटरपेक्षा कमी हादराही माणसाला जाणवतो. त्यामुळे भांडी वाजली म्हणजे भिंतीला धोका झालाच, असे नाही. काळ्या मातीच्या फुगण्या-आकसण्यानेही तडे जातात. तक्रार करताना सुरुंगाची तारीख-वेळ आणि तड्यांची आधीची व नंतरची छायाचित्रे जोडावीत. घराच्या पायाजवळ कंपनमापक ठेवून घेतलेली नोंद लेखी मागावी. आकडा हाती आला, की बोलणे त्याच्यावरच होते.