बिनबटणाचं पाणी

राज्याच्या कृषी-एआय धोरणाला जून २०२५ मध्ये मंत्रिमंडळाची मंजुरी मिळाली, ५०० कोटींचा आकडा जाहीर झाला आणि तेव्हापासून शेतीवरच्या प्रत्येक चर्चेत ॲप, सेन्सर आणि ड्रोन ही त्रिमूर्ती हजर असते. धोरणात काय आहे ते एव्हाना सगळ्यांनी वाचलंय. पण खानदेशातल्या शेतकऱ्याच्या मोबाइलमध्ये आणखी एका ॲपला जागा उरली आहे का, हे कुणी विचारताना दिसत नाही.

ई-पीक पाहणीचंच घ्या. १५ ऑगस्ट २०२१ पासून ती राज्यभर सुरू झाली. आपल्या पिकाची नोंद आपणच करायची, ही कल्पना चांगलीच होती. प्रत्यक्षात बांधावर उभं राहून आधी नेटवर्क शोधायचं, मग खातं, गट क्रमांक, हंगाम, पीक, क्षेत्र आणि सिंचनाचं साधन भरायचं, फोटो काढायचा आणि सर्व्हरची मर्जी असेल तर तो पाठवायचा. मुदतवाढीची बातमी आता हंगामाचाच भाग झाली आहे.

मोबाइलच्या पडद्याचा हा कंटाळा फक्त आपल्याकडचा नाही. गोल्डन कृष्णा या अमेरिकी डिझायनरने २०१५ मध्ये यावर पुस्तकच लिहिलं. सर्वांत चांगला इंटरफेस म्हणजे इंटरफेसच नसणं, असा त्याचा रोख होता. त्याच्याही आधी, १९९१ मध्ये, झेरॉक्सच्या पार्क प्रयोगशाळेतल्या मार्क वायझर यांनी रोजच्या जगण्यात विरून जाणाऱ्या संगणकाचं चित्र रंगवलं होतं. खानदेशात हा विषय संगणकाच्या कितीतरी आधी, नदीच्या पाण्यावर येऊन गेला आहे.

धुळे जिल्ह्यात पांझरेच्या खोऱ्यात फिरलं की फडाचे जुने बंधारे दिसतात. फड पद्धत निदान तीनशे वर्षांची. नदीला आडवा बंधारा, त्यातून निघणारा पाट, पाटाच्या चाऱ्या, आणि गावाच्या भिजणाऱ्या जमिनीचे तीन-चार मोठे तुकडे, म्हणजे फड. एका फडात एका हंगामाला एकच पीक. पाणी उतारानेच पुढे सरकतं. मीटर नाही, आणि पाटबंधारे खात्याकडे भरावा लागतो तसा सात नंबरचा अर्जही नाही. कुणाला किती पाणी, याचा निर्णय पाणी येण्याआधीच जमिनीच्या वाटणीत झालेला असतो. प्रत्येकाची पट्टी शक्यतो प्रत्येक फडात. पाऊस कमी झाला की एखादा फड सरळ पडीक ठेवायचा. त्यात सगळ्यांचीच थोडी थोडी जमीन कोरडी राहते, एकट्याच्या गळ्याला फास लागत नाही.

यात माणूस अजिबात नव्हता, असं मात्र नाही. पाणी फिरवायला पाटकरी होता, राखणीला जागल्या होता आणि त्यांचा मोबदला पिकातून निघायचा. पाणी कमी आलं तर कुणाच्या दारात जाऊन भांडायचं, हे गावाला पक्कं ठाऊक होतं. पुढे वरच्या अंगाला धरणं झाली, विहिरींवर मोटारी बसल्या, ज्याला त्याला आपापलं पीक हवं झालं आणि अनेक फड मोडले.

याच पांझरेवर एका तरुण इंजिनिअरने नोकरीतलं पहिलंवहिलं काम केलं. मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या १८८४ मध्ये मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात लागले आणि खानदेशात आले. साक्री तालुक्यातल्या दातर्तीजवळ नदीच्या तळाखालून पाटाचं पाणी पलीकडे नेणारा नळाचा सायफन त्यांनी उभा केला. सायफनला ना पंप लागतो ना चालवणारा माणूस. दोन टोकांच्या पातळीतला फरकच पाणी ढकलतो. पुढे १९०३ मध्ये पुण्याजवळ खडकवासल्याला त्यांचे स्वयंचलित दरवाजे बसले. पाणी ठरलेल्या पातळीला पोचलं की ते आपोआप उघडत आणि पातळी उतरली की मिटत. तलावाची साठवण पातळी त्यामुळे सुमारे ८ फुटांनी वाढली. मध्यरात्री पूर आला तरी दरवाजा उघडायला कुणी उठायची गरज नव्हती. नीरा कालव्यावर त्यांनी आणलेल्या, जमिनीचे गट पाडून पाणी देण्याच्या ब्लॉक पद्धतीतही खानदेशातल्या फडाची सावली शोधणारे अभ्यासक आहेत. ती दिसायला फार कष्ट पडत नाहीत.

आता जळगावला येऊ. भवरलाल जैन यांच्या कंपनीमुळे हे शहर ठिबकचं गाव म्हणून ओळखलं जातं, आणि रावेर-यावलची केळी ठिबकवरच उभी आहे. पण ज्याच्या जिवावर हे चालतं तो ड्रिपर फारसा कुणी फोडून बघत नाही. दाब-नियंत्रित ड्रिपर ब्लेडने कापला, तर आत पाण्यासाठी नागमोडी वाट दिसते आणि तिच्यावर सिलिकॉन रबराचा नखाएवढा पडदा. लॅटरलमधला, म्हणजे ठिबकच्या नळीतला, दाब वाढला की हा पडदा दबतो आणि वाट अरुंद होते. दाब घटला की पडदा सैल पडतो आणि वाट मोकळी होते. म्हणून चढावरच्या आणि उतारावरच्या झाडाला तासाला जवळपास सारखंच पाणी मिळतं. बॅटरी नाही, चिप नाही, पासवर्ड नाही. या लेखकाच्या मते खानदेशातलं सर्वांत हुशार यंत्र हेच, आणि ते कुठल्याही धोरणाच्या मुखपृष्ठावर येणार नाही.

त्याचं दुखणंही तितकंच गुपचूप. पाण्यातला बारीक गाळ त्या नागमोडी वाटेत साचतो आणि केळीचं पान पिवळं पडेपर्यंत काही कळत नाही. म्हणून फिल्टरच्या अलीकडे आणि पलीकडे दाबमापक लावतात. दोन्ही काट्यांतलं अंतर वाढलं की बॅकवॉशची वेळ झाली. बाकी सगळं लपलेलं असताना एवढे दोन काटे डोळ्यांसमोर राहायलाच हवेत. अनेक शेतांत नेमके तेच मोडलेले असतात.

आणि मग ऑटो स्विच. शेतीला थ्री फेज वीज आठवड्याच्या पाळीप्रमाणे कधी दिवसा, कधी रात्री. ‘लाइट उनी रे’ अशी हाक आली की रात्री एकला बॅटरी घेऊन विहिरीवर जायचं, वाटेत साप, बिबट्या. यावर उपाय म्हणून स्टार्टरजवळ एक स्वस्तातली डबी बसवतात. तिन्ही फेज आले की ती मोटार सुरू करते आणि शेतकरी झोपून राहतो. बिनइंटरफेसचं तंत्रज्ञान यापेक्षा शुद्ध स्वरूपात कुठे बघायला मिळणार?

गोची एवढीच की अशी डबी एकाच डीपीवरच्या, म्हणजे एका ट्रान्सफॉर्मरवरच्या, सगळ्यांनीच बसवलेली असते. मोटार सुरू होताना नेहमीच्या पाच-सहा पट करंट ओढते. लाइट आल्याक्षणी पंधरा-वीस मोटारी एकदम उठल्या की डीपीचे फ्यूज जातात, कधी डीपीच जळते, आणि मग पिकाला ताण बसतो तो सगळ्यांच्याच. महावितरण वर्षानुवर्षं सांगतंय: ऑटो स्विच काढा, कॅपॅसिटर बसवा. कॅपॅसिटर बसवायलाच हवा. पण ऑटो स्विच काढा हे सांगणं सोपं, रात्री एकला विहिरीवर जाणं अवघड. डबीत थोडा उशीर लावणारा टायमर असेल आणि एका डीपीवरच्या शेतकऱ्यांनी मिनिटा-मिनिटाचं अंतर आपसात वाटून घेतलं, तर निम्मं भांडण मिटेल. त्यासाठी एआय लागत नाही. पाटकऱ्याचं काम कुणीतरी पुन्हा अंगावर घ्यायला हवं, इतकंच; आणि ते काम कुठल्याच योजनेत बसत नाही.

पुण्याचे इंजिनिअर संतोष ओस्तवाल यांच्या ‘नॅनो गणेश’ने मधली वाट काढली. विहिरीवरच्या यंत्राला साध्या मोबाइलवरून फोन लावायचा, लाइट आहे की नाही ते आवाजावरून ओळखायचं आणि आकडा दाबून मोटार सुरू किंवा बंद करायची. पडदा इथेही नाही, पण मोटार केव्हा चालवायची ते शेतकरीच ठरवतो. त्याच धर्तीचे मोबाइल स्टार्टर आता बाजारात बरेच मिळतात.

येत्या हंगामात सेन्सर आणि कंट्रोलर घेऊन कुणी बांधावर आलं, तर मोबाइलवरचे रंगीत आलेख नंतर बघावेत. लाइट गेल्यावर हे यंत्र काय करतं? नेटवर्क नसताना? हाताने व्हॉल्व्ह फिरवून पाणी सोडता येतं का? बिघडलं तर दुरुस्ती तालुक्याला होते की पेटी बांधून पुण्याला पाठवावी लागते? एवढं आधी विचारावं, आणि उत्तरं विक्रेत्याकडून बिलावर लिहून घ्यावीत.