राजवाडा साधा, घाट देखणे

होळकरांची राजधानी म्हटल्यावर डोळ्यांसमोर जो थाट येतो, तो महेश्वरच्या किल्ल्यात शोधू नये. अहिल्याबाईंचा राजवाडा म्हणजे लाकडी खांबांचा, ओसरीचा दुमजली मराठी वाडा. देशावरच्या एखाद्या सुखवस्तू पाटलाचाही शोभावा, असा. ओसरीवर त्यांची गादी मांडलेली आहे. 1767 मध्ये कारभार हाती आल्यावर त्यांनी इंदूरऐवजी नर्मदाकाठचे हे गाव राजधानीसाठी निवडले आणि 1795 मध्ये अखेरचा श्वासही इथेच घेतला.

मग पैसा गेला कुठे? किल्ल्याच्या पायऱ्या उतरून घाटावर आलात की उत्तराचा एक भाग समोर उभा राहतो. नदीला समांतर धावणाऱ्या दगडी पायऱ्या, बुरूज, कोरीव गवाक्षे आणि मागे अहिल्येश्वराचे शिखर. उरलेले उत्तर काशी, सोमनाथ आणि गयेत आहे. तिथली मंदिरे त्यांनी नव्याने उभारली. 

अहिल्येश्वराच्या समोरच विठोजी होळकरांची छत्री आहे. दुसऱ्या बाजीरावाने 1801 मध्ये ज्यांना पुण्यात हत्तीच्या पायी दिले, तेच हे विठोजी. पुढच्याच वर्षी त्यांचे भाऊ यशवंतरावांनी पुण्यावर चाल केली. पेशवाईच्या उतरणीचा हा धडा आपण शाळेत वाचलेला असतो. त्याची होळकरांकडची बाजू या छत्रीपाशी आठवते.

सकाळी लवकर पोहोचलात तर वाड्यातली पार्थिव पूजा चुकवू नका. पुरोहित मातीची इवलीशी शिवलिंगे वळून पाटावर ओळीने मांडतात, पूजा होते आणि ती सगळी नर्मदेत विसर्जित केली जातात. बाईंच्या वेळचा हा नेम आजही चालू आहे.

दुसरा वारसा मागावर आहे. उभे धागे रेशमी, आडवे सुती, म्हणून महेश्वरी साडी अंगावर हलकी. काठ असा की साडी दोन्ही बाजूंनी नेसता येते. काठावरची चटई, वीट, लहर ही नक्षी किल्ल्याच्या भिंती आणि नदीच्या पाण्यावरून उचललेली. ही कला मोडकळीला आली होती. 1979 च्या सुमारास होळकर घराण्याच्या पुढाकाराने रेहवा सोसायटी सुरू झाली आणि गावातल्या बायकांच्या हाती पुन्हा माग आले. किल्ल्याच्या आवारात हे काम जवळून पाहता येते.

इंदूरहून महेश्वर साधारण 90 किलोमीटर. बरेच जण ओंकारेश्वर उरकून तासाभरासाठी इथे डोकावतात. तसे करू नका, एक मुक्काम ठेवा. हिवाळ्यात जा, संध्याकाळी नावेतून घाट पाहा. आणि साडी घ्यायचीच असेल, तर यंत्रमागाची नक्कल टाळून थेट विणकराकडून घ्या.