पितळ उघडे पडते तेव्हा

एखाद्याचे खरे रूप बाहेर आले की आपण म्हणतो, ‘त्याचे पितळ उघडे पडले.’ मुलामा किंवा कल्हई उडाली की खालचे पितळ दिसू लागते, आणि कल्हई गेलेल्या भांड्यात ताक ठेवले तर ते कळकते, हे आपल्या आजीला पक्के ठाऊक होते. आज मी पितळाविषयीच बोलणार आहे. मात्र हे पितळ मांडणीवरच्या डब्यांचे नव्हे, बंदुकीच्या काडतुसाचे आहे.

अमेरिकेत नेमबाजीचा छंद असणारे कितीतरी लोक उडवलेल्या काडतुसांच्या रिकाम्या पुंगळ्या वेचून घरी आणतात, त्या स्वच्छ करतात आणि पुन्हा भरून वापरतात. तिथे हा उघड चालणारा छंद आहे. आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार परवान्याशिवाय काडतुसे तयार करणे हा गुन्हा आहे, तेव्हा ही काही घरी करून पाहण्याची कृती नव्हे. पण पुंगळी धुण्याच्या या साध्या वाटणाऱ्या कामात पितळाचा सगळा स्वभाव दिसतो, आणि तो स्वभाव आपल्या देवघरातल्या समईलाही लागू आहे.

आधी पुंगळी म्हणजे काय ते पाहू. काडतुसात चार गोष्टी असतात. पुढे गोळी, आत दारू, बुडाशी ठिणगी पाडणारी प्रायमरची छोटी टोपी आणि या तिघांना धरून ठेवणारी पितळी पुंगळी. घोडा ओढला की दारू पेटते, वायूचा प्रचंड दाब तयार होतो आणि पुंगळी फुगून नळीच्या भिंतीला घट्ट चिकटते. त्यामुळे तप्त वायू मागे, नेमबाजाच्या तोंडाकडे येत नाही. दाब उतरताच ती किंचित आकसते आणि सहज बाहेर निघते. हे फुगणे आणि आकसणे जमते ते ७० टक्के तांबे आणि ३० टक्के जस्त असलेल्या पितळाला. या मिश्रणाला धातुशास्त्रात ‘कार्ट्रिज ब्रास’ असेच नाव आहे.

उडवलेली पुंगळी आतून काजळीने भरलेली असते. बाहेर माती, तेल आणि काळपट थर. ती स्वच्छ करण्याची जुनी रीत कोरडी. थरथरणाऱ्या भांड्यात अक्रोडाच्या टरफलांचा किंवा मक्याच्या कणसाचा भरडा घालायचा आणि त्यात पुंगळ्या काही तास घोळवायच्या. बाहेरून चकाकी येते, पण आतली काजळी फारशी निघत नाही. शिवाय भरडा चाळताना धूळ उडते, आणि त्या धुळीत शिसे असते. बहुतेक प्रायमरमध्ये लेड स्टिफ्नेट नावाचे शिशाचे संयुग असते. ते जळले तरी शिसे नाहीसे होत नाही, त्यातले काही पुंगळीच्या आतच बसून राहते.

म्हणून अलीकडे ओली रीत रूढ झाली आहे. तिची पहिली पायरी म्हणजे वापरलेली टोपी काढून टाकणे. इथे इतिहासाची एक गंमत आहे. १८६६ च्या सुमारास अमेरिकेच्या हायरम बर्डन यांनी एका पद्धतीची टोपी काढली आणि इंग्लंडच्या एडवर्ड बॉक्सर यांनी दुसऱ्या पद्धतीची. पुढे अमेरिकेने इंग्रजाची पद्धत उचलली आणि युरोपात अमेरिकनाची पसरली. बॉक्सर पद्धतीत पुंगळीच्या बुडाला मधोमध एकच भोक असते. त्यातून सळई ढकलली की टोपी सुटते. अमेरिकेत पुंगळ्या पुन्हा भरण्याचा छंद फोफावला, त्यात या एका भोकाचा वाटा मोठा आहे.

टोप्या निघाल्या की पुंगळ्या एका पिंपात टाकतात. त्यात पाणी, भांडी घासायच्या साबणाचे थोडे थेंब, चिमूटभर सायट्रिक आम्ल आणि स्टेनलेस स्टीलच्या हजारो बारीक काड्या. एकेक काडी साधारण एक मिलिमीटर जाड आणि सहा मिलिमीटर लांब. पिंप मोटरवर संथ फिरत राहते. काड्या पुंगळीत शिरतात, कोपरे खरवडतात, टोपीची खाचही साफ करतात. दोन-तीन तासांनी पाणी काळेकुट्ट होते आणि पुंगळ्या आतूनबाहेरून नव्यासारख्या निघतात. मग स्वच्छ पाण्याने खळबळून धुणे, काड्या वेगळ्या करणे आणि पूर्ण वाळवणे. एखादी काडी आत अडकून राहिली तर ती पुढे घात करते, म्हणून प्रत्येक पुंगळी उजेडात धरून पाहावी लागते. वाळवण्याची घाई करून भट्टीत फार तापवले तर पुंगळीचे बूड मऊ पडते, आणि मऊ बूड म्हणजे पुढच्या वेळी फुटण्याचा धोका.

सायट्रिक आम्ल म्हणजे लिंबातला आंबटपणा. चिंचेत असते ते टार्टारिक आम्ल. दोन्ही पितळावरचा काळा थर विरघळवतात. आपल्या बायकांनी पिढ्यान्‌पिढ्या चिंचेच्या कोळाने समया घासल्या, त्यामागे हेच रसायन आहे. पण आंबटाचे प्रमाण वाढले किंवा भांडे त्यात फार वेळ राहिले, तर पितळ गुलाबी दिसू लागते. पृष्ठभागावरचे जस्त निघून जाते आणि तांबे वर येते. चिंचेत रात्रभर राहिलेल्या ताम्हनाचा तांबूस रंग ज्यांनी पाहिला असेल, त्यांना हे सांगायला नको. समईला याने फारसे बिघडत नाही. पुंगळीच्या बाबतीत मात्र तो इशारा समजायचा.

आम्लाचा मारा निदान डोळ्यांना दिसतो. पितळाचा खरा वैरी दिसत नाही, आणि त्याचा प्रताप दिसून आला तो आपल्याच देशात.

इंग्रजांच्या काळात, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आणि विसाव्याच्या आरंभी, पावसाळ्यात लष्करी हालचाली मंदावत. तेवढ्या काळापुरती काडतुसे घोड्यांच्या तबेल्यांत ठेवली जात. पाऊस सरल्यावर पाहावे तर कित्येक पुंगळ्या तडकलेल्या, विशेषतः गोळीभोवती आवळलेल्या तोंडाशी. कुणी हात लावलेला नाही, गंजही दिसत नाही आणि पितळ मात्र फाटलेले. या कोड्याचे उत्तर १९२१ मध्ये मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन या तिघा संशोधकांनी दिले. घोड्यांच्या मुतातून अमोनिया वायू सुटतो. कल्हईवाल्याच्या नवसागराच्या धुरात नाकाला झोंबतो, त्याच कुळातला हा वायू. दमट हवेत तो पितळाला भिडतो. पण एकट्या अमोनियाने पुंगळी तडकत नाही. पत्रा थंड स्थितीत ओढून पुंगळी घडवताना धातूत ताण कोंडला जातो. ताण आणि अमोनिया एकत्र आले की धातूच्या कणांच्या सांध्यांतून भेग धावत जाते.

उपायही त्यातूनच सापडला. घडवल्यानंतर पुंगळी बेताने तापवायची, म्हणजे कोंडलेला ताण उतरतो. पुण्याच्या तांबट आळीतला कारागीर वेगळ्या कारणासाठी हेच करत आला आहे. ठोके खाऊन तांबे कडक झाले की तो भांडे पुन्हा भट्टीत घालतो, मऊ करतो आणि मगच पुढचे ठोके देतो. धातूला विश्रांती न देता ठोकत राहिले तर तो तडकतो, हे त्याला हातानेच कळलेले असते.

म्हणून पुंगळ्या धुताना अमोनिया असलेले पॉलिश वापरू नये, असे जाणकार बजावतात. बाजारातल्या काही पितळ-पॉलिशांत अमोनिया असतो. चकाकी झटकन येते, पण ताण सोसलेल्या धातूला ती महागात पडू शकते. शिवाय प्रत्येक बाराबरोबर पुंगळी थोडी ताणली जाते आणि बुडाच्या जरा वर आतून पातळ होत जाते. बाहेरून ती आरशासारखी दिसते. अनुभवी माणूस वाकवलेली तार आत घालून त्या जागी खाच लागते का ते चाचपतो. लागली, तर पुंगळी भंगारात. दिसते तसे नसते, म्हणून जग फसते.

आता त्या काळ्या पाण्याकडे वळू. ओल्या रीतीने धूळ उडत नाही, हा तिचा मोठा गुण. पण शिसे नाहीसे झालेले नसते, ते पाण्यात उतरलेले असते. ते पाणी स्वयंपाकघराच्या मोरीत ओतले, त्याच हाताने मुलाला घास भरवला, तर शिसे पोटात जाते. अमेरिकेच्या रोग नियंत्रण केंद्राने २०२१ मध्ये लहान मुलांच्या रक्तातील शिशाची दखल घेण्याची पातळी दर शंभर मिलिलिटरला ३.५ मायक्रोग्रॅमपर्यंत खाली आणली. त्याखाली सारे सुरक्षित, असाही याचा अर्थ नाही. मुलांसाठी शिशाची सुरक्षित पातळी कुठलीच ठाऊक नाही. वाढत्या मेंदूवर त्याचा परिणाम होतो, आणि तो भरून येत नाही. म्हणून हातमोजे घालावेत, पिंप स्वयंपाकघरापासून दूर ठेवावे, आणि काम झाल्यावर हात धुऊन कपडे बदलावेत. ज्याच्या छंदापायी घरात शिसे येते, त्याच्यापेक्षा घरातल्या रांगत्या मुलाला त्याची झळ जास्त बसते.

पितळ घासायचे ते मिरवण्यासाठी, अशी आपली समजूत असते. पुंगळी घासणारा शहाणा माणूस ती घासतो भेग दिसावी म्हणून. काजळीखाली भेगही झाकली जाते आणि पातळ झालेली कडही. आपल्याकडेही सणाला काढलेला जुना हंडा घासून झाला की लख्ख झाला म्हणून लगेच फळीवर ठेवू नये. काठ, सांधे आणि बूड एकदा उजेडात फिरवून पाहावे. आत कल्हई उरली आहे का, हेही बघावे. नसेल, तर त्यात आंबट काही ठेवू नये आणि आधी कल्हईवाल्याला हाक मारावी.